रजोनिवृत्तिपूर्व काळातील अनियमित पाळी आणि तिच्या नोंदी : एक ऐतिहासिक चिकित्सा

सारांश

रजोनिवृत्ती येण्यापूर्वी काही वर्षे पाळीचे चक्र विस्कळीत होते. या विस्कळीतपणाचे शास्त्रीय ज्ञान कोणत्या नोंदींमधून घडले, त्या नोंदी कोणी केल्या आणि त्यांचा उपयोग कोणी केला, यांचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे. स्त्रियांनी स्वतः ठेवलेल्या तारखांच्या नोंदी आणि वैद्यकाने तयार केलेल्या लक्षणसूची या दोन वेगळ्या धारा आहेत. त्यांपैकी पहिली धारा अधिक टिकाऊ ठरली, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. जिथे स्त्रीजवळ स्वतःची नोंद नसते, तिथे तिच्या शरीराविषयीचा निर्णय दुसऱ्याच्या हाती जातो, हे महाराष्ट्रातील ऊसतोड स्त्रियांच्या उदाहरणावरून दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजसंज्ञा : रजोनिवृत्ती, पेरिमेनोपॉज, ऋतुचक्र, दिनदर्शिका, लक्षणसूची, गर्भाशय-शस्त्रक्रिया.

१. प्रस्तावना

सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे रजोनिवृत्ती झाली, अशी वैद्यकशास्त्रातील सर्वमान्य व्याख्या आहे. या व्याख्येत एक अडचण दडलेली आहे. शेवटची पाळी ही शेवटचीच होती, हे ती येऊन गेली त्या वेळी कोणालाही कळत नाही. वर्ष उलटल्यानंतर मागे वळून तिची तारीख निश्चित करावी लागते. तारीख लिहून ठेवलेली नसेल, तर सोपी वाटणारी ही व्याख्यादेखील वापरता येत नाही.

त्या शेवटच्या पाळीच्या आधीची काही वर्षे आणि नंतरचे एक वर्ष मिळून होणाऱ्या काळाला आज ‘पेरिमेनोपॉज’ असे म्हणतात. मराठीत त्यासाठी ‘रजोनिवृत्तिपूर्व संक्रमणकाळ’ असा शब्दप्रयोग करता येईल. मात्र घराघरांत स्त्रिया ‘पाळी मागेपुढे होते’, ‘आता जायचे दिवस आले’ असेच बोलतात. या काळात बीजकोशातील बीजपुटिकांची संख्या घटत जाते. काही महिन्यांत बीज बाहेर पडते, काही महिन्यांत पडत नाही. बीज बाहेर पडले नाही की प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही. इस्ट्रोजेनच्या प्रभावाखाली गर्भाशयाचे अस्तर मात्र वाढत राहते आणि पुढे कधीतरी, बहुधा उशिरा व जास्त प्रमाणात, बाहेर पडते. त्यामुळे कधी वीस दिवसांनी, तर कधी दोन महिन्यांनी पाळी येते. त्याच्या जोडीला अंगातून वाफा निघणे, रात्री घाम सुटणे, झोप मोडणे, धडधड, चिडचिड, सांधे दुखणे अशा तक्रारी असू शकतात.

हे सारे आज पाठ्यपुस्तकांत असते. हे ज्ञान कोठून आले, हा इतिहासाचा प्रश्न मात्र फारसा विचारला जात नाही. इतिहासलेखनात आपण दप्तरे, सनदा, बखरी यांना साधने मानतो. दिनदर्शिकेच्या चौकटीत काढलेला एक ठिपका हेही ऐतिहासिक साधन असू शकते, ही दृष्टी स्वीकारल्यास या विषयाचे स्वरूप बदलते. प्रस्तुत लेखात प्रकाशित वैद्यकीय व समाजशास्त्रीय वाङ्मयाच्या आधारे वर्णनात्मक व तुलनात्मक पद्धतीने या प्रश्नाचा विचार केला आहे.

२. वयाची मर्यादा आणि घरातील लोकव्यवहार

भारतीय वैद्यकपरंपरेत रजोनिवृत्तीचा उल्लेख प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात पाळी साधारण बाराव्या वर्षी सुरू होते आणि शरीर जरेने पक्व झाल्यावर पन्नाशीच्या सुमारास क्षय पावते, असे सांगितले आहे. या उल्लेखात आरंभ आणि शेवट अशा दोन सीमा आहेत. शेवटाकडे जाणाऱ्या वाटेवरील चढउतारांना त्यात जागा नाही. प्राचीन वैद्यकाने रजोनिवृत्तीकडे वयाची मर्यादा म्हणून पाहिले, असे म्हणता येईल.

लोकव्यवहारात मात्र पाळीची एक प्रकारची नोंद सतत होत होती. ‘बाहेर बसण्या’च्या रूढीमुळे घरातील कोणत्या स्त्रीची पाळी कधी आली, हे घरातल्या सर्वांना, कित्येकदा शेजाऱ्यांनाही ठाऊक असे. लग्नकार्य, सण, देवदर्शन यांचे बेत त्या हिशेबाने आखले जात. भाद्रपदातील ऋषिपंचमीचे व्रत विटाळाच्या कल्पनेशी जोडलेले असून पाळी गेल्यानंतर त्याचे उद्यापन करण्याची प्रथा अनेक घरांत होती व आहे. रजोनिवृत्ती ही घटना अशा रीतीने सामाजिक पातळीवर नोंदली जात होती. पण या नोंदीचा हेतू शुद्धाशुद्धता राखणे हा होता. पाळी किती दिवसांनी आली, किती दिवस टिकली, त्रास कोणता झाला, हे प्रश्न त्या व्यवहारात गौण होते. स्त्रीच्या पाळीची माहिती सर्वांना होती. मात्र तिच्या प्रकृतीच्या दृष्टीने ती जपून ठेवण्याची व्यवस्था नव्हती.

३. एकोणिसावे शतक : नामकरण आणि गणना

‘मेनोपॉज’ हा शब्द फ्रेंच वैद्य शार्ल द गार्दान यांनी रूढ केला. १८१६ मध्ये त्यांनी त्याचे एक आधीचे रूप वापरले आणि १८२१ च्या ग्रंथात आजचे रूप स्थिर केले. त्यापूर्वी युरोपात या काळाला ‘संकटाचे वय’ अशा अर्थाची नावे होती. नवे नाव मिळाल्यामुळे वैद्यकाला स्वतंत्र अभ्यासविषय मिळाला. परंतु नावात पुन्हा ‘थांबणे’ हीच कल्पना प्रमुख राहिली.

लंडनमधील वैद्य एडवर्ड जॉन टिल्ट यांनी १८५७ च्या आपल्या ग्रंथात या काळाचा विस्तृत विचार केला आणि पुढे ५०० स्त्रियांची माहिती कोष्टकांच्या रूपाने मांडली. पाळी अनियमित होऊ लागल्यापासून ती कायमची थांबेपर्यंतच्या काळासाठी त्यांनी इंग्लंडमधील स्त्रियांच्या तोंडचा एक शब्द वापरला आहे. त्याचा मराठी भावार्थ ‘हुलकावणीचा काळ’ असा होईल. पाळी आली असे वाटते तो येत नाही, गेली असे वाटते तो येते, हा अनुभव त्या एका शब्दात नेमका पकडला आहे. वैद्यकाने ज्या अवस्थेला बऱ्याच उशिरा स्वतंत्र संज्ञा दिली, तिला सामान्य स्त्रियांनी आधीच नाव दिलेले होते, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

टिल्ट यांच्या कोष्टकांची मर्यादाही स्पष्ट आहे. त्यांची माहिती उपचारासाठी आलेल्या स्त्रियांकडून मिळालेली होती. ज्यांना त्रास नव्हता किंवा ज्यांना वैद्याकडे जाण्याची सोय नव्हती, त्या स्त्रिया या गणनेत येत नाहीत. शिवाय बहुतेक माहिती आठवणीवरून सांगितलेली होती. दोन वर्षांपूर्वीची पाळी पस्तीस दिवसांनी आली की पंचेचाळीस, हे आठवणीवरून सांगणे कोणालाही कठीण असते.

४. दिनदर्शिका आणि प्रजनन

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाळीच्या तारखा लिहून ठेवण्यास वैद्यकीय महत्त्व आले ते प्रजननाच्या संदर्भात. जपानमधील क्यूसाकू ओगिनो यांनी १९२४ मध्ये आणि ऑस्ट्रियातील हेरमान क्नाउस यांनी त्यानंतर काही वर्षांत, बीज बाहेर पडण्याची वेळ आणि पुढची पाळी यांचा संबंध दाखवून दिला. त्यावरून गर्भधारणेचा संभव असलेले व नसलेले दिवस मोजण्याची रीत निघाली. महाराष्ट्रात याच काळात र. धों. कर्वे ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून (१९२७ पासून) शरीराविषयी मोकळ्या मराठीत लिहीत होते.

स्वतंत्र भारताच्या इतिहासात या विषयाचे एक बोलके प्रकरण आहे. पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या आरंभी केंद्रीय आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांचा कल गर्भनिरोधक साधनांपेक्षा दिवस मोजण्याच्या पद्धतीकडे होता. जागतिक आरोग्य संघटनेमार्फत अमेरिकन डॉक्टर अब्राहम स्टोन भारतात आले आणि दिल्लीतील लोदी कॉलनी व म्हैसूर राज्यातील रामनगरम् येथे या पद्धतीचे प्रयोग झाले. निरक्षर स्त्रियांसाठी निरनिराळ्या रंगांच्या मण्यांची माळ देण्यात आली. रोज एक मणी पुढे सरकवायचा आणि रंगावरून दिवस ओळखायचा, अशी ही योजना होती.

साक्षरता नसलेल्या स्त्रीच्या हाती तिच्याच शरीराची नोंद देण्याचा हा प्रयत्न म्हणून ही माळ महत्त्वाची ठरते. तथापि तिच्यात एक गृहीतक ओवलेले होते. चक्र ठरावीक दिवसांचे असेल, तरच माळ उपयोगी पडते. पुढे २००० नंतर अमेरिकेतील जॉर्जटाऊन विद्यापीठाच्या संशोधकांनी अशाच स्वरूपाची ३२ मण्यांची माळ प्रचारात आणली. तीही २६ ते ३२ दिवसांचे चक्र असणाऱ्या स्त्रियांपुरतीच आहे. चाळिशी ओलांडलेल्या, पाळी मागेपुढे होणाऱ्या स्त्रीसाठी या साधनात जागा नाही. नियमिततेवर उभारलेल्या नोंदपद्धतीत अनियमितता ही केवळ अपवाद म्हणून उरते.

हीच दृष्टी शासकीय नोंदवह्यांतही दिसते. पात्र जोडप्यांच्या नोंदवहीत पत्नीचे वय १५ ते ४९ असते. माता-बाल संरक्षण कार्डावर शेवटच्या पाळीची तारीख विचारली जाते ती प्रसूतीची तारीख काढण्यासाठी. प्रजननक्षमतेच्या उतरंडीवरील स्त्रीची तारीख कोणत्याच रकान्यात बसत नाही.

५. मिनेसोटा विद्यापीठातील कार्डे

या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा टप्पा १९३४ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात सुरू झाला. संख्याशास्त्रज्ञ अॅलन ट्रेलोर यांनी विद्यापीठातील विद्यार्थिनींना दिनदर्शिकेची कार्डे दिली. रक्तस्राव ज्या दिवशी सुरू होईल व ज्या दिवशी थांबेल, ते दिवस कार्डावर खूण करून दाखवायचे आणि वर्ष संपले की कार्ड परत पाठवायचे, एवढेच काम होते. विद्यार्थिनी पदवीधर झाल्या, नोकरीला लागल्या, संसारात पडल्या. पण त्यांतील अनेकींनी कार्डे पाठविणे थांबविले नाही.

१९६७ मध्ये ट्रेलोर व त्यांच्या सहकाऱ्यांनी या नोंदींचे विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यात २,७०२ स्त्रियांच्या एकूण २५,८२५ वर्षांच्या नोंदी होत्या. त्यातून तीन गोष्टी स्पष्ट झाल्या. अठ्ठावीस दिवसांचे चक्र हा सर्वांना लागू पडणारा नियम नाही; एकाच स्त्रीच्या चक्रांतही सतत फरक पडतो. वयाच्या विशीपासून चाळिशीपर्यंतचा काळ तुलनेने स्थिर असतो. पाळी सुरू झाल्यानंतरच्या आणि ती जाण्यापूर्वीच्या काही वर्षांत मात्र चक्रांच्या लांबीतील फरक एकदम वाढतो. हुलकावणीच्या काळाला अशा रीतीने संख्येचा आधार मिळाला.

कामाची पद्धत पाहिली तर या प्रकल्पाचे वेगळेपण ध्यानात येते. येथे कोणतेही यंत्र नव्हते, प्रयोगशाळेतील चाचणी नव्हती. घटना घडत असतानाच केलेली खूण आणि ती अनेक वर्षे सांभाळून ठेवणारी संस्था, या दोनच गोष्टींवर हे ज्ञान उभे राहिले. हा प्रकल्प पुढे मिनेसोटातून युटा विद्यापीठाकडे आणि तेथून पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाकडे गेला. ‘ट्रेमिन’ या नावाने तो ओळखला जातो. या अभ्यासाची उणीवही नमूद केली पाहिजे. यातील स्त्रिया जवळजवळ सर्वच गौरवर्णीय व सुशिक्षित अमेरिकन होत्या. शेतात राबणारी, अनेक बाळंतपणे झालेली किंवा अपुऱ्या पोषणावर जगणारी स्त्री या कार्डांत नाही.

६. लक्षणांची मोजपट्टी

तारखांची धारा शांतपणे वाहत असताना दुसरी धारा वेगाने पुढे आली. १९४१ मध्ये कॅनडात ‘प्रीमारिन’ हे इस्ट्रोजेनयुक्त औषध बाजारात आले आणि पुढील वर्षी अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. औषधाचा गुण किती आला, हे ठरविण्यासाठी तक्रारी मोजण्याची गरज निर्माण झाली. १९५३ मध्ये न्यूयॉर्कमधील हर्बर्ट कुपरमन व सहकाऱ्यांनी अकरा लक्षणांचा निर्देशांक वापरला. त्यात अंगातून वाफा निघण्यास चारपट, तर झोप न लागणे, मुंग्या येणे व अस्वस्थता यांस दुप्पट महत्त्व होते. उर्वरित लक्षणांना प्रत्येकी एकपट. हे भारांक स्त्रियांच्या नोंदींतून काढलेले नव्हते. ते डॉक्टरांच्या अनुभवावर ठरले होते. योनिमार्गाच्या कोरडेपणासारखी, स्त्रियांनी सहसा न उच्चारलेली तक्रार त्यात नव्हती. तरीही हा निर्देशांक जगभर दीर्घकाळ वापरला गेला.

१९६६ मध्ये रॉबर्ट विल्सन यांच्या ‘फेमिनिन फॉरएव्हर’ या पुस्तकाने रजोनिवृत्ती हा हार्मोनच्या अभावाचा रोग असल्याचे मत लोकप्रिय केले. औषधांचा खप वाढला. २००२ मध्ये अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या प्रकल्पातील १६,६०८ स्त्रियांवरील संयुक्त हार्मोनच्या चाचणीचा भाग धोके आढळल्यामुळे मुदतीपूर्वी थांबविण्यात आला. त्यानंतर भीतीची लाट आली. पुढील काळात वय, लक्षणे व धोके पाहून व्यक्तिनिहाय निर्णय घ्यावा, असा समतोल विचार स्थिरावत गेला.

लक्षणसूचींना आव्हान मिळाले ते समाजशास्त्रज्ञांकडून. १९६५ मध्ये बर्निस न्यूगार्टन व रूथ क्रेन्स यांनी निरनिराळ्या वयोगटांतील स्त्रियांना एकच सूची दिली. तेव्हा रजोनिवृत्तीच्या वयातील स्त्रियांप्रमाणेच किशोरवयीन मुलींच्या तक्रारीही संख्येने अधिक असल्याचे दिसले. १९७५ मध्ये मार्शा फ्लिंट यांनी राजस्थान व हिमाचल प्रदेशातील ४८३ राजपूत स्त्रियांविषयीचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. पाळीतील बदलांखेरीज त्यांच्या तक्रारी फारच थोड्या होत्या. पाळी गेल्यानंतर पडद्याची बंधने सैल होत आणि घरात मान वाढे, त्यामुळे या स्त्रियांना रजोनिवृत्ती म्हणजे सुटका वाटे, असे फ्लिंट यांचे स्पष्टीकरण होते. मार्गारेट लॉक यांनी १९९३ च्या ग्रंथात जपानी स्त्रिया वाफा निघण्यापेक्षा खांदे आखडण्याची तक्रार अधिक करतात, असे दाखवून दिले.

या अभ्यासांवरून भारतीय स्त्रियांना त्रासच होत नाही, असा अर्थ काढणे घाईचे ठरेल. नंतरच्या भारतीय पाहण्यांत थकवा, सांधेदुखी, झोपेच्या तक्रारी वारंवार आढळतात. या तक्रारी कुपरमन यांच्या सूचीत होत्या, पण तिचा केंद्रबिंदू वेगळा होता. मोजपट्टी जे विचारते तेच तिला दिसते, आणि तिच्यातील प्रश्न ज्या समाजात तयार झाले त्या समाजाचा ठसा तिच्यावर राहतो, हा त्यातील खरा बोध आहे.

७. पुन्हा तारखांकडे

१९८० नंतर दीर्घकालीन अभ्यासांची मालिका सुरू झाली. मॅसॅच्युसेट्समधील अभ्यासाने १९९२ मध्ये संक्रमणकाळाच्या आरंभाचे मध्यक वय ४७.५ वर्षे व त्याची लांबी सुमारे चार वर्षे असल्याचे मांडले. सिअॅटल व मेलबर्न येथील अभ्यासांत स्त्रियांनी दिनदर्शिका व रोजनिश्या भरल्या. १९९६ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘स्वॉन’ या अभ्यासात सात केंद्रांवरील पाच वांशिक गटांतील ३,३०२ स्त्रियांचा समावेश झाला. वाफा व रात्रीचा घाम या तक्रारी टिकण्याचा मध्यक काळ ७.४ वर्षे आहे, असा त्याचा २०१५ मधील निष्कर्ष आहे. ‘थोडे दिवस सोसा, जाईल’ या सल्ल्याला त्यामुळे शास्त्रीय आधार उरला नाही. या पाच गटांत दक्षिण आशियाई स्त्रियांचा गट नव्हता, हेही नोंदविले पाहिजे.

जुलै २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात तज्ज्ञांनी एकत्र येऊन स्त्रीच्या प्रजननवयाचे टप्पे निश्चित केले. ही पद्धती ‘स्ट्रॉ’ या संक्षिप्त नावाने परिचित आहे. तिच्यातील निकष तपासण्यासाठी ट्रेमिन, सिअॅटल, मेलबर्न व स्वॉन या चारही अभ्यासांच्या दिनदर्शिका एकत्र वापरण्यात आल्या आणि २०११ मध्ये पद्धतीची सुधारित मांडणी झाली. तिच्यानुसार लागोपाठच्या दोन चक्रांच्या लांबीत सात किंवा त्याहून अधिक दिवसांचा फरक वारंवार पडू लागला, म्हणजे संक्रमणाचा आरंभ झाला. साठ किंवा त्याहून अधिक दिवस पाळी आली नाही, म्हणजे संक्रमणाचा उत्तरार्ध सुरू झाला. १९३० च्या दशकातील विद्यार्थिनींनी केलेल्या खुणा अशा रीतीने एकविसाव्या शतकातील व्याख्येपर्यंत पोहोचल्या.

या टप्प्यावर प्रयोगशाळेतील चाचण्या उपलब्ध होत्याच. एफएसएच या हार्मोनची पातळी या काळात वाढते. पण ती महिन्यागणिक खालीवर होते. त्यामुळे एका दिवसाच्या तपासणीवरून निष्कर्ष काढणे धोक्याचे असते. ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत, ४५ वर्षांवरील स्त्रीचे निदान तिची पाळी व लक्षणे यांवरून करावे, त्यासाठी एफएसएच तपासू नये, असे सांगितले. शतकभराच्या प्रगतीनंतर वैद्यकाने स्त्रीच्या दिनदर्शिकेला रक्ताच्या चाचणीपेक्षा वरचे स्थान दिले, ही घटना विचार करण्यासारखी आहे.

८. महाराष्ट्र : नोंद नसण्याची किंमत

महाराष्ट्रात नोंदीचे साधन नव्हते, असे म्हणता येणार नाही. १९७३ मध्ये जयंतराव साळगावकरांनी सुरू केलेले ‘कालनिर्णय’ मराठी घरांच्या भिंतीवर स्थिरावले. दुधाचा हिशेब, गॅसच्या टाकीची तारीख, कामवाल्या बाईंचे खाडे यांच्या शेजारीच अनेक स्त्रिया पाळीच्या तारखेवर एक बारीक ठिपका किंवा फुली काढतात. पाहणाऱ्या इतरांना त्याचा अर्थ लागत नाही. ट्रेलोर यांच्या कार्डावर होती तीच ही खूण. फरक एवढाच की ती कार्डे विद्यापीठाने जपली आणि आपली दिनदर्शिका वर्ष संपताच रद्दीत गेली. संक्रमणकाळ ओळखण्यासाठी दोनतीन वर्षांच्या तारखा शेजारी ठेवून पाहाव्या लागतात. नेमकी तीच सोय या व्यवहारात नसते.

जिथे भिंत आणि दिनदर्शिकाही स्थिर नाही, तिथली स्थिती अधिक गंभीर आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबे गळीत हंगामात कित्येक महिने गाव सोडून कारखान्यांच्या परिसरात राहतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते आणि कामावर न गेल्यास खाड्याचा दंड कापला जातो. तिथे पाळी, अंगावरून जाणे, पोटदुखी म्हणजे बुडालेली मजुरी. २०१९ मध्ये या जिल्ह्यातील स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, म्हणजे साधारणतः दर सहा स्त्रियांमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१५–१६ च्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातील भारतीय स्त्रियांत हे प्रमाण ३.२ टक्के होते.

या शस्त्रक्रियांमागे दारिद्र्य, मुकादमी पद्धती, खासगी रुग्णालयांचा अर्थव्यवहार, कर्करोगाची भीती अशी अनेक कारणे आहेत. केवळ नोंदीच्या अभावाने हे घडले, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. परंतु अनियमित रक्तस्रावाच्या तपासणीतील पहिले प्रश्न आठवावेत : किती दिवसांनी, किती दिवस, किती प्रमाणात, कधीपासून. २०११ मध्ये जागतिक स्त्रीरोगतज्ज्ञ महासंघाने रक्तस्रावाच्या कारणांचे वर्गीकरणही केले. ज्या स्त्रीजवळ या प्रश्नांची लिखित उत्तरे असतात, तिला उपचाराचे पर्याय विचारता येतात, दुसरे मत घेता येते. जिच्याजवळ ती नसतात, तिच्या बाबतीत ‘पिशवी खराब झाली’ हे एक वाक्य पुरेसे ठरते.

गर्भाशय काढल्यानंतर आणखी एक गोष्ट घडते. पाळीच उरत नसल्याने संक्रमणकाळ ओळखण्याचे साधन नाहीसे होते. ‘स्ट्रॉ’चे तारखांचे निकष अशा स्त्रियांना लागू करता येत नाहीत. बीजकोशही काढले असतील, तर रजोनिवृत्ती एका दिवसात येते. अशा रीतीने या स्त्रिया वैद्यकीय ज्ञानाच्या नोंदीतूनही वगळल्या जातात. केंद्र शासनाने २०२२ मध्ये अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना त्या अमलात आणण्याचे आदेश दिले. या सूचनांची अंमलबजावणी तपासायची झाली, तरी पुन्हा नोंदीच लागणार आहेत.

९. भ्रमणध्वनीवरील नोंद

अलीकडच्या काळात नोंदीची जागा भिंतीवरून भ्रमणध्वनीत गेली आहे. २०१४ मध्ये अॅपल कंपनीने आरोग्यविषयक नोंदींचे अॅप आणले, तेव्हा त्यात पाळीला स्थान नव्हते. टीका झाल्यावर पुढील वर्षी ते देण्यात आले. पाळीची नोंद ठेवणारी स्वतंत्र अॅप्सही याच दशकात आली. दोनतीन वर्षांच्या तारखा क्षणात शेजारी मांडता येणे हा त्यांचा मोठा लाभ आहे, आणि रद्दीत जाण्याचे भय नाही.

तथापि मण्यांच्या माळेतील गृहीतक येथेही डोकावते. पुढच्या पाळीचे भाकीत करणे हा या साधनांचा मूळ हेतू असल्याने ‘उशीर झाला’ अशी सूचना देणे त्यांना सोपे जाते. हा उशीरच आता या वयाचा नियम आहे, हे सांगण्याकडे त्यांचे लक्ष उशिरा गेले. दुसरा प्रश्न मालकीचा आहे. ‘फ्लो’ या लोकप्रिय अॅपने वापरकर्त्या स्त्रियांची माहिती इतर कंपन्यांना पुरविल्याच्या आरोपावरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२१ मध्ये त्या कंपनीशी समझोता केला. बाहेर बसण्याच्या रूढीत स्त्रीच्या तारखा साऱ्या आळीला माहीत असत; आता त्या जाहिरातदारांना माहीत होऊ शकतात.

१०. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) रजोनिवृत्तिपूर्व काळातील अनियमिततेचे विश्वासार्ह ज्ञान मुख्यतः स्त्रियांनी घटना घडत असताना केलेल्या, वर्षानुवर्षे जपलेल्या तारखांच्या नोंदींतून निर्माण झाले आहे.

२) लक्षणसूचींची सुरुवात औषधांची परिणामकारकता मोजण्याच्या गरजेतून झाली. त्यांचे भारांक व प्रश्न विशिष्ट समाजात घडलेले असल्याने मराठी स्त्रियांसाठी त्या जशाच्या तशा वापरणे योग्य नाही. आपल्या स्त्रिया ज्या शब्दांत त्रास सांगतात, त्या शब्दांतून सूची तयार होणे आवश्यक आहे.

३) मण्यांची माळ, शासकीय नोंदवही व भ्रमणध्वनीवरील अॅप या तिन्ही साधनांची मूळ रचना प्रजननक्षम व नियमित चक्रावर आधारलेली आहे. त्यामुळे चाळिशीनंतरची स्त्री त्यांच्या कक्षेबाहेर राहिली.

४) नोंदीचा अभाव ही केवळ माहितीची उणीव नाही. बीड जिल्ह्यातील अनुभवावरून असे दिसते, की तिच्यामुळे शोषणाच्या इतर कारणांना वाव मिळतो.

५) आशा कार्यकर्ती, अंगणवाडी व महाविद्यालयांचे राष्ट्रीय सेवा योजना विभाग यांच्यामार्फत पस्तिशीनंतरच्या स्त्रियांना एक साधे, अनेक वर्षे टिकणारे कार्ड देता येईल. पाळी सुरू झाल्याचा दिवस, थांबल्याचा दिवस, स्राव कमी की जास्त, आणि झोप, वाफा, दुखणे यांपैकी काय जाणवले, एवढे चार रकाने त्यास पुरेसे आहेत. लिहिता न येणाऱ्या स्त्रीला खुणांनीही ते भरता येईल. बारा महिने पाळी न आल्यानंतर पुन्हा रक्तस्राव झाल्यास त्वरित तपासणी करून घ्यावी, ही सूचना त्या कार्डावर ठळक छापावी.

६) हे कार्ड स्त्रीच्याच ताब्यात राहावे. दवाखान्याने त्याची प्रत घ्यावी. मूळ कार्ड मात्र ऊसतोडीच्या फडावर जातानाही तिच्यासोबत असावे.